चूळ भरून दिलेलं मत

तोंड खळखळून धुतल्याशिवाय मत न देणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो सिंदेवाहीत आमच्या भिंतीपलीकडे राहतो. बाकीच्या जगाला मत द्यायला एवढा वेळ लागत नाही. मुलांनो, तुम्ही मागच्या खेपेला ज्यांना ‘चूळवाले आजोबा’ म्हणत होतात, तेच हे. गाव त्यांना ‘मार्कवाले भाऊ’ म्हणतं आणि मी नुसतं ‘भाऊ’. त्यांना कुणी सहज विचारलं, ‘भाऊ, कशी झाली भाजी?’ की ते म्हणतात, ‘थांबा जी.’ मग उठतात, कोमट पाणी मागतात, मोरीशी उभं राहून तीन चुळा भरतात, परत येऊन एक घास खातात, डोळे मिटतात आणि पाचपैकी मार्क देतात. अर्ध्या मार्काचासुद्धा हिशोब चुकवत नाहीत. तोवर विचारणाऱ्याला आपण विचारलं कशाला, असं होऊन गेलेलं असतं.

ही खोड त्यांना नोकरीने लावली. आमच्या भागात सगळीकडे धान, आणि गावात धानाच्या संशोधनाचं केंद्र. भाऊ तिथे प्रयोगशाळेत मदतनीस होते. नव्या वाणाचा तांदूळ शिजवून चार-सहा जणांना चाखायला देतात आणि मार्क मागतात, त्यात एकदा रिकामी जागा भरायला भाऊंना बसवलं. त्यांची जीभ अशी काही निघाली, की पुढे निवृत्त होईपर्यंत त्यांना त्या टेबलावरून कुणी उठवलं नाही. मोठमोठ्या पदव्यांचे साहेब वाटी पुढे सरकवून भाऊंच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत उभे राहत म्हणे. त्या टेबलाचे नियम कडक होते. सगळ्या वाट्या एकसारख्या, वाटीवर वाणाचं नाव नाही, फक्त नंबर. दोन वाट्यांच्या मध्ये कोमट पाण्याची चूळ. अंगाला अत्तर नको, तोंडात काही नको. या जिभेपायी भाऊंनी आयुष्यात खर्रा, म्हणजे तंबाखू घोटलेली सुपारी, खाल्ला नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत दोन माणसं भेटली की नमस्काराच्या आधी खर्ऱ्याची पुडी पुढे होते. तिथे खर्रा नाकारून चाळीस वर्षं लोकांत टिकून राहणं सोपं नाही. त्यांना कुणी पुडी दिली की ते हात जोडून म्हणत, ‘माफ करा जी, माही जीभ सरकारी हाये.’

निवृत्तीच्या दिवशी ती जीभ सरकारने परत घेतली नाही, हीच काय ती अडचण झाली. प्रयोगशाळेत भाऊ जे वाट्यांना करत होते ते आता गावाला करू लागले. लग्नाच्या जेवणात यजमान पंगतीतून फिरत विचारतो, ‘कसं झालं जी जेवण?’ आणि सगळे भरल्या तोंडाने म्हणतात, ‘एक नंबर!’ हा आपल्याकडचा शिष्टाचार आहे, त्याला उत्तर म्हणून कुणी धरत नाही. भाऊ मात्र प्रश्नाला प्रश्न समजतात. आमच्या गल्लीतल्या एका लग्नात मुलीचे वडील हात जोडून त्यांच्यासमोर उभे राहिले. भाऊ उठले, चुळा भरून आले आणि पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘मठ्ठा चार. वांगे-आलू साडेतीन. भात दीड. तांदूळ नवा होता जी, पाणी जुन्याचं टाकलं.’ मुलीचे वडील एकदा भाऊंकडे आणि एकदा व्याह्यांकडे बघत राहिले. तेव्हापासून इथले आचारी आधणाला किती पाणी घालायचं ते भाऊंना विचारून मगच चूल पेटवतात. त्यामुळे गावातल्या लग्नांचा भात खरोखर सुधारला आहे. पण हे कुणी कबूल करत नाही.

भाऊंच्या पत्नीला मी वहिनी म्हणते. लग्न झाल्यापासून त्यांच्या स्वयंपाकाला रोज मार्क मिळत आले आहेत, आणि ते साडेतीनच्या वर कधी गेले नाहीत. मी एकदा कळवळून म्हटलं, ‘वहिनी, तुम्हाला राग नाही येत?’ त्या माझ्या अंगणात लाखोळीची डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘राग कायचा बाई! साडेतीनावर चाळीस वर्षं संसार झाला. तिकडे त्या लोकाईच्या बायका पाहा, रोज मस्त मस्त ऐकतेत आणि नवरा बाहेर जाऊन समोसे खाते. माहा नवरा साडेतीन म्हणते आणि ताट चाटून ठेवते.’ मग भिंतीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाल्या, ‘आणि याईले मी किती देते, ते कोणी इचारत नाई!’ पलीकडून आवाज आला, ‘मी इचारतो ना. किती?’ वहिनी म्हणाल्या, ‘आधी चूळ भरू द्या!’

तुम्हाला वाटेल, माणूस फटकळ आहे. तसं नाही. फटकळ माणूस न विचारता बोलतो. भाऊ विचारल्याशिवाय अवाक्षर काढत नाहीत. आणि कशालाही शून्य देत नाहीत. ‘शून्य हा मार्कच नाई जी,’ ते म्हणतात, ‘कोणीतरी पिकवलं असते, कोणीतरी शिजवलं असते.’ त्यांची चूक वेगळीच आहे. त्यांना मनापासून वाटतं की समोरची वाटी आणि समोरचा माणूस या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. प्रयोगशाळेत वाटीवर नंबर असायचा, पिकवणारा शेतकरी दूर कुठेतरी असायचा, दीड मार्क ऐकून कुणाचे डोळे भरून यायचे नाहीत. गावातल्या वाट्यांमागे बाई उभी असते, हे त्यांच्या ध्यानातच येत नाही. एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांना गाण्याचे परीक्षक केलं. त्यांनी मंचावर आडवी चादर बांधायला लावली. गाणारी मुलं चादरीमागे, आणि भाऊंना नुसता नंबर सांगायचा. चौथ्या नंबराला त्यांनी दीड दिला. ती अध्यक्षांची पुतणी निघाली आणि अध्यक्षांनी आभाराचं भाषण दोन वाक्यांत आटपलं. सातव्या नंबराला साडेचार दिला. चादर बाजूला झाली तर कुरखेड्याकडच्या जंगलातल्या एका गावातून वसतिगृहात आलेली मुलगी उभी होती, जी एरवी वर्गात मान वर करत नसे. ‘माहाच नंबर सात होता ना?’ असं तिने तीन जणांना विचारून खात्री करून घेतली. त्या दिवशी मला भाऊंची चादर पटली.

पण मी पडले आयुष्यभर इंग्रजी शिकवलेली बाई. वेळच्या वेळी आभार, योग्य जागी कौतुक आणि उणीव सांगायची तर दोन चांगल्या गोष्टींच्या मध्ये, ही माझी शिस्त. मुलांच्या वह्यांवरसुद्धा मी आधी ‘अक्षर सुंदर’ लिहून मग चुकांना हात घालत असे. भाऊंना मी हे एका दुपारी नीट समजावून सांगितलं. त्यांनी शहाण्या विद्यार्थ्यासारखं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘जमते, जमते. आधी गोड, मंग खरं, मंग गोड.’ आठच दिवसांनी गोंडपिपरीहून बदलून आलेल्या एका शिक्षकांकडे आम्हाला जेवण होतं. जेवण झालं, शिक्षकांच्या बायकोने विचारलं, भाऊंनी चुळा भरल्या. मग माझ्याकडे एकदा पाहून म्हणाले, ‘तुमच्या घराचा दरवाजा लय मजबूत हाये जी. वांग्याची भाजी एक. पाणी मस्त गार होतं.’ घरी परतताना मोठ्या समाधानाने मला म्हणाले, ‘तुमच्यावानी सांगितलं ना आज?’

इथवर सगळं हसण्यावारी होतं. दर रविवारी भाऊ आणि वहिनी माझ्याकडे जेवायला असतात; तुमचे आजोबा गेल्यापासून हा माझा नेम आहे, आणि माझे नेम तुम्हाला माहीत आहेत. माझ्या वरणाला भाऊंनी वर्षानुवर्षं चार दिले. दुसऱ्या कुणाच्याही वरणाला चार नव्हते, आणि ही गोष्ट मी कुणाला सांगत नसे, पण विसरतही नसे. गेल्या पावसाळ्यात मला आठवडाभर ताप आला होता. त्यातून उठले, पुन्हा नेमाला लागले, आणि एका रविवारी भाऊ म्हणाले, ‘दोन.’ मी म्हटलं, डाळ जुनी असेल. पुढच्या रविवारी दीड. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी चुळा भरल्या, घास घेतला, डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, ‘आज नाई देत.’ मला संताप आला. मी बाकीच्यांना विचारून पाहिलं. भांडी घासायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘मस्तच झालं बाई, मी तं बोटं चाटली.’ चहाला येणारे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, उत्तम. दिवाळीत तुम्ही आलात आणि दोघंही ‘यम्मी, आजी!’ म्हणालात, तुमच्या बाबांनी तर वरण दोनदा मागून घेतलं. मी ठरवून टाकलं की भाऊंची जीभ म्हातारी झाली.

तुम्ही परत गेलात त्याच्या पुढच्या रविवारी भाऊ लवकर आले. हातात थाळी, थाळीत चार झाकलेल्या स्टीलच्या वाट्या, आणि प्रत्येकीवर चिकटवलेला कागद: एक, दोन, तीन, चार. ‘बाई, आज तुम्ही टेबलावर बसा,’ ते म्हणाले. ‘डोळे मिटा आणि नुसता वास घ्या. चाखू नका.’ वहिनी मागे उभ्या होत्या. मला गंमत वाटली. पहिली वाटी नाकाशी आली. मला विशेष काही जाणवलं नाही. पण एवढ्या हौसेने वाट्या घेऊन आलेल्या पाहुण्याला असं सांगतात का? मी म्हटलं, ‘छान सुवास आहे.’ दुसरी. ‘हाही छान, थोडा मंद.’ तिसरी. ‘वा! हा सगळ्यांत ताजा.’ चौथीला मी म्हटलं, ‘अगदी घरचा वास.’ मी डोळे उघडले तेव्हा भाऊ माझ्याकडे न बघता वाट्यांकडे बघत होते. त्यांनी एकेक झाकण काढलं. पहिल्या वाटीत चिन्नोरचा भात, ज्याचा घमघमाट शेजारच्या चार घरांत जातो. दुसरीत बुडाला लागलेलं वरण, काळंठिक्कर. चौथीत रॉकेलमध्ये भिजवलेला बोळा.

‘आणि तिसऱ्या वाटीत पाणी होतं जी,’ भाऊ म्हणाले.

त्यांनी वाट्या बाजूला सारल्या. मग म्हणाले, आणि या खेपेला चूळ भरली नाही, ‘बाई, तुमचं नाक गेलं. तीन महिने झाले, वरण लागून राह्यलं, तुमाले समजत नाई. फिकं लागते म्हणून मीठ वाढवून राह्यल्या. वरणाचं जाऊ द्या. उद्या सिलिंडर सुटला तं कसं समजन?’ मी उठले. ‘थँक यू व्हेरी मच,’ असं इंग्रजीत म्हटलं, कारण मराठीत म्हटलं असतं तर आवाज फुटला असता, आणि दार उघडून उभी राहिले. दोघं न जेवताच परत गेले. माझा रविवारचा नेम त्या दिवशी पहिल्यांदा मोडला.

बुधवारी सकाळी मी दूध तापत ठेवून पुढच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. मागच्या दाराने कुणीतरी धडाधडा आत आलं. पाहते तर भाऊ, पायात चप्पल नाही, आणि ते माझ्या स्वयंपाकघराच्या खिडक्या उघडत होते. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅस तसाच चालू होता. भाऊंना त्याचा वास भिंतीपलीकडे आला होता. मी दारात उभी होते, दहा पावलांवर. त्यांनी रेग्युलेटर बंद केला, मला हाताला धरून अंगणात आणलं आणि विचारलं, ‘आता वास येते काय?’ मी दाराकडे तोंड करून खोल श्वास घेतला. म्हटलं, ‘नाही.’ तेवढा एक शब्द बोलायला मला तीन दिवस आणि एक पातेलं दूध लागलं. भाऊ म्हणाले, ‘हां.’ वहिनी पदराने डोळे पुसत भिंतीवरून म्हणाल्या, ‘रविवारी आम्ही उपाशी गेलो तेव्हाच म्हटलं होतं मी, उपाशी गेलेले पाहुणे परत येतेत म्हणून!’

चंद्रपूरला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवून आले. ते म्हणाले, तापाने जातो कधी कधी वास. येईल किंवा येणार नाही. तेव्हापासून भाऊ दिवसातून तीनदा माझ्या मागच्या दाराशी येऊन उभे राहतात, मान वर करून नाकाने हवा ओढतात, ‘बरोबर हाये’ म्हणतात आणि जातात. फोडणीला हिंग किती झाला, तेही आता तेच सांगतात. माझा संसार त्यांच्या नाकावर चालला आहे, आणि बरा चालला आहे. फक्त एका गोष्टीवरून ते माझ्यावर नाराज होते. दर सोमवारी विचारत, ‘पोराले सांगितलं काय?’ मी म्हणे, सांगेन. मला भीती होती. वास येत नाही म्हटलं की इथे एकटं राहणं संपलं. कपाटं आवरा, घराला कुलूप लावा आणि विमानात बसा. म्हणून मी फोनवर सांगत राहिले, मी अगदी उत्तम आहे.

एकदा तुमच्या बाबांचा फोन आला तेव्हा माझे हात पिठात होते आणि भाऊ दारात होते, म्हणून त्यांनी उचलला. बाबांनी विचारलं असणार, ‘काका, आई खरंच कशी आहे?’ मी लाटणं धरून उभी राहिले. हा माणूस खोटं बोलणार नाही, हे मला ठाऊक होतं. आता सगळं बाहेर येणार. भाऊंनी माझ्या पिठाच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘हे बाईच सांगतील जी,’ आणि फोन माझ्या कानाला लावून धरला. मी म्हटलं, ‘अरे, मी एकदम छान!’ भाऊंनी फोन ठेवला. त्या दिवशी ते चहा न घेता गेले, एवढंच. खरं बोलणारी माणसं मी पाहिली आहेत, पण माझं खरं माझ्याच तोंडून निघावं म्हणून थांबणारं माणूस दुसरं पाहिलं नाही.

आता वहिनींच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं आहे, आणि संक्रांत झाली की दोघं मुलीकडे नागपूरला जाणार आहेत. परत कधी, ते त्यांनाही माहीत नाही. काल भाऊ अंगणात बसले होते. म्हणाले, ‘नागपुरात मले कोण इचारणार बाई? तिथी सगळे मस्तच म्हणतेत.’ नागपूर किती चांगलं, मुलगी किती प्रेमळ, असं सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हटलं, ‘नाही विचारणार, भाऊ. आणि मला इथे करमणार नाही.’ ते मान हलवत बसून राहिले.

मुलांनो, तुम्हाला मराठी समजतं पण वाचायला जीव जातो, तेव्हा रविवारी सकाळी हे पत्र बाबाच तुम्हाला वाचून दाखवत असणार. म्हणून पुढचं वाचणाऱ्यासाठी आहे. बाळ, थांबू नकोस, मुलं ऐकताहेत. गॅस सुटला की वाजणारं एक यंत्र मिळतं म्हणतात, ते मला पाठव. मला तिकडे यायचं नाही. भाऊ गेल्यावर या घरात मला थोडी भीती वाटेल. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि दोन्ही मिळून काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. आपण फोनवर बोलू. पलीकडे ट्रंका बांधण्याचा आवाज येतो आहे, वहिनी कुणाला तरी दटावताहेत, आणि भाऊ भिंतीवरून मला विचारताहेत, ‘लिवलं काय, बाई?’

लिहिलं, भाऊ.